चांपानेरचा बैजू, बडोद्याची भैरवी: एका युगुलगीताची पूर्वपीठिका

विजय भट्ट यांनी दिग्दर्शित केलेला 'बैजू बावरा' हा हिंदी चित्रपट 1952 साली प्रदर्शित झाला. गाणी वगळली तर ज्याची कथाच उभी राहत नाही, अशा चित्रपटांपैकी तो एक असून, त्यातील 'तू गंगा की मौज' हे युगुलगीत, म्हणजे नायक आणि नायिका या दोघांनी मिळून गायिलेले प्रेमगीत, सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही रसिकांच्या मनात पहिल्याइतकेच ताजे राहिले आहे. शब्द शकील बदायुनी यांचे, संगीत नौशाद यांचे, आवाज मोहम्मद रफी आणि लता मंगेशकर यांचे, आणि पडद्यावर भारत भूषण आणि मीना कुमारी. 1954 साली फिल्मफेअर पुरस्कार प्रथमच दिले गेले तेव्हा संगीत दिग्दर्शनाचा मान नौशाद यांना याच गीतासाठी मिळाला. या गीताच्या मोहिनीची कारणे सहसा भैरवी रागात, नदीच्या रूपकात किंवा चित्रपटाच्या शोकांत शेवटात शोधली जातात, आणि ती कारणे खरीही आहेत. परंतु त्यांच्या मागे आणखी एक दीर्घ घडामोड आहे. प्रियकराला त्याचा आणि प्रेयसीला तिचा असा स्वतंत्र आवाज मिळावा, आणि तरीही ते दोन आवाज एकाच सुरावटीत नांदावेत, यासाठी हिंदुस्थानी संगीताला आणि रंगभूमीला निदान सात दशके खटपट करावी लागली. त्या खटपटीत गुजरातेतील मराठी राजवटीची राजधानी असलेल्या बडोद्याचा वाटा मोठा आहे, आणि चित्रपटसंगीताच्या इतिहासात त्याची नोंद क्वचितच घेतली जाते.

बडोद्याशी असलेला या चित्रपटाचा पहिला संबंध खुद्द नायकाचाच आहे. परंपरा असे सांगते की बैजू, म्हणजे बैजनाथ, हा चांपानेरचा. आजच्या वडोदरा शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, पावागडाच्या पायथ्याशी वसलेले हे नगर महमूद बेगड्याने 1484 साली जिंकले आणि गुजरातच्या सल्तनतीची राजधानी केले. त्याच्या मशिदी, तटबंदी आणि जलाशय यांचे अवशेष 2004 साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाले. वडोदऱ्यातून वाहणारी विश्वामित्री नदी याच पावागडाच्या डोंगरात उगम पावते. बैजूचे नाव ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर आणि त्यानंतर गुजरातचा सुलतान बहादूरशहा यांच्या दरबारांशी जोडले जाते, वृंदावनच्या स्वामी हरिदासांचे शिष्यत्व त्याला दिले जाते, आणि बुंदेलखंडाच्या सीमेवरील चंदेरीत त्याची समाधी दाखवली जाते.

'मिरात-ए-सिकंदरी' या गुजरातच्या फारसी इतिहासग्रंथात बहादूरशहाच्या पदरी असलेल्या एका गवयाची हकीकत आहे. हुमायूनने 1535 साली मांडू घेतल्यावर लाल वस्त्रे परिधान करून कत्तलीचा हुकूम दिला. तेव्हा कैद झालेल्या या गवयाने त्याच्यासमोर असे गायन केले की बादशहाने लाल वस्त्रे उतरवून हिरवी चढवली आणि कत्तल थांबवली, असा त्या हकीकतीचा आशय आहे. या गवयाचे नाव काही अभ्यासक बैजू असे लावतात, तर काही जण तो बहादुरी तोडीचा कर्ता मानला जाणारा नायक बक्षू असावा असे म्हणतात. नाव कोणतेही धरले तरी, गाण्याने सत्ताधीशाचे मन पालटते ही कल्पना गुजरातेतील या दरबाराच्या स्मृतीशी जुन्या काळापासून निगडित आहे, हे त्यातून निश्चित होते, आणि 'बैजू बावरा'च्या कथेचा कणाही तोच आहे.

चित्रपटाने मात्र या सामग्रीत एक मूलगामी बदल केला. परंपरेतला बैजू हा साधक, नायक, म्हणजे संगीतशास्त्राचा आचार्य आहे. त्याच्या आख्यायिकांत तानसेनाशी झालेली स्पर्धा आहे, दगड विरघळवणारा सूर आहे, परंतु नावाड्याची मुलगी गौरी नाही. तानसेन अकबराच्या दरबारी 1562 च्या सुमारास आला, आणि बहादूरशहा 1537 साली मरण पावला, हे ध्यानात घेतले तर चित्रपटातील स्पर्धाही कालगणनेशी नीट जुळत नाही. पटकथेने पित्याच्या मृत्यूच्या सूडाची कथा आणि गौरीच्या प्रेमाची कथा अशा दोन धारा एकत्र आणल्या, आणि संगीत हे सूडाचे साधन की प्रेमाचे, हा प्रश्न नायकासमोर उभा केला. त्या प्रश्नाचे उत्तर चित्रपट दरबारातल्या जुगलबंदीत देत नाही, नदीवरच्या युगुलगीतात देतो. शेवटी यमुनेच्या पुरात बैजू आणि गौरी एकत्रच बुडतात, तेव्हा प्रेक्षक ज्या गीताची आठवण घेऊन उठतो ते हेच. इतिहासात नसलेली गौरी लोकांच्या मनात खरी झाली ती या गीतामुळे, आणि म्हणूनच तिला मिळालेला आवाज कोठून आला हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

त्यासाठी प्रथम एक तांत्रिक बाब समजून घेतली पाहिजे. ख्याल, म्हणजे विलंबित आणि द्रुत बंदिशींच्या आधारे रागाचा विस्तार करणारी गायकी, ही मुळात एकट्या गायकाची कला आहे; दोन भावांनी किंवा गुरुशिष्यांनी मिळून गावे अशी उदाहरणे तीत पुष्कळ असली, तरी पुरुष आणि स्त्री यांनी एकत्र गाणे तीत अवघड ठरते. कारण पट्टीचे आहे. पट्टी म्हणजे गायक ज्या स्वराला आपला षड्ज मानतो त्याची उंची. पेटीच्या पट्ट्यांवरून गवई ती सांगतात. पुरुषाची पट्टी साधारणपणे काळी एक किंवा दोनच्या आसपास, तर स्त्रीची काळी चार किंवा पाचच्या आसपास असते. दोघांनी एकाच षड्जावर गायचे म्हटले तर एकाचा आवाज खर्जात दबतो किंवा दुसऱ्याचा तारसप्तकात ताणला जातो. प्रेमाचा संवाद हा विषय ठुमरीत, दादऱ्यात आणि बंदिशींच्या शब्दांत भरपूर असला, तरी गाणारा एकच असे; तोच विरहिणी होई, तोच कृष्ण होई, आणि पुरुष गवई स्त्रीच्या तोंडची व्यथा गाई. या पद्धतीचे स्वतःचे सौंदर्य फार मोठे आहे, परंतु तीत दुसऱ्या बाजूने उत्तर येत नाही.

उत्तराची सोय प्रथम केली ती मराठी संगीत नाटकाने. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 रोजी झाला, आणि पाठोपाठ 1882 साली 'सौभद्र' आले. या नाटकांत सूत्रधाराऐवजी पात्रे स्वतः गाऊ लागली, त्यामुळे दुष्यंताच्या पदाला शकुंतलेचे पद आणि अर्जुनाच्या पदाला सुभद्रेचे पद असे एकमेकांना भिडू लागले. एकच पद दोघांनी ओळी वाटून घेऊन गाण्याचा प्रघात विरळाच होता. पण प्रेमात पडलेली दोन माणसे रंगमंचावर आपापल्या सुरात बोलतात, हे मराठी प्रेक्षकाने येथे पाहिले. आणि या सुभद्रेचा व शकुंतलेचा ज्याच्या आवाजाने महाराष्ट्रावर पगडा बसला, तो भाऊराव कोल्हटकर हा बडोद्याचा. 1863 साली बडोद्यात जन्मलेला हा तरुण किर्लोस्करांनी 1882 साली आपल्या मंडळीत आणला, आणि त्याच्या उंच, पल्लेदार आवाजामुळे संगीत नाटकातील नायिकेच्या गाण्याचा मानदंड ठरला. भाऊराव 1901 साली अकाली निवर्तला, तरी पुढच्या स्त्रीपार्टी नटांची, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची, तुलना दीर्घकाळ त्याच्याशीच होत राहिली.

भाऊरावासारखा गळा बडोद्यात तयार व्हावा हा योगायोग नव्हता. गायकवाडांच्या दरबारी कलावंतांसाठी 'कलावंत कारखाना' या नावाचे स्वतंत्र खाते होते. गवई, बीनकार, सारंगिये, कीर्तनकार, आणि तंजावरच्या राजघराण्यातून महाराणी म्हणून आलेल्या पहिल्या चिमणाबाईंबरोबर दाखल झालेल्या नर्तकी, या सर्वांची नेमणूक, वेतन आणि सेवा यांची व्यवस्था त्या खात्याकडे असे. सयाजीराव महाराज तिसरे यांच्या कारकिर्दीत, 1886 साली, मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली 'गायनशाळा' सुरू झाली, आणि घराण्याबाहेरच्या मुलांनाही शिस्तशीर संगीतशिक्षण मिळू लागले. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी, म्हणजे सूर कागदावर लिहून ठेवण्याची पद्धत, तयार केली होती. पुढे नाट्यसंगीताचे श्रेष्ठ चालकार झालेले भास्करबुवा बखले हे बडोदे संस्थानातल्या कठोरचे. त्यांचे आरंभीचे शिक्षण याच वातावरणात झाले, काही काळ ते किर्लोस्कर मंडळीत होते, आणि नंतर बडोद्यातच फैजमहंमद खाँसाहेबांकडे त्यांनी दीर्घ तालीम घेतली. 1916 साली 'स्वयंवर' नाटकातील रुक्मिणीच्या पदांना त्यांनी चाली दिल्या, तेव्हा ख्यालाची सारी समृद्धी एका प्रेमात पडलेल्या मुलीच्या मुखी आली. त्याच वर्षी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने बडोद्यातच भरली होती.

नाट्यसंगीतातील नायक-नायिकेच्या स्वरसंवादाचा कळस म्हणून 8 जुलै 1921 रोजी मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमाना'चा उल्लेख केला जातो. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या या प्रयोगात बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे हे दोन मालक एकाच रंगमंचावर उभे राहिले, म्हणून तो प्रयोग गाजला. परंतु युगुलगीताच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. भामिनी आणि धैर्यधर हे दोन्ही आवाज पुरुषांचेच होते. पट्टीची अडचण तेथे मुळातच नव्हती, कारण नायिकेचा खरा आवाज रंगमंचावर आलेलाच नव्हता. बालगंधर्वांच्या गाण्याची थोरवी वादातीत आहे, तरी हे सांगणे भाग आहे की तोपर्यंतचा सारा प्रेमसंवाद पुरुषाने पुरुषाशी, स्त्रीच्या वतीने, केलेला होता.

नायिकेचा तो खरा आवाज रंगमंचावर आणण्याच्या कामात पुन्हा बडोद्याचेच एक घर पुढे आले. किराणा गावचे अब्दुल करीम खाँ हे 1894 च्या सुमारास बडोदे दरबारी गवई म्हणून आले. दरबाराशी नातेसंबंध असलेल्या सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत, आणि त्यातून उभयतांचे प्रेम जमले. धर्म, जात आणि दर्जा या तिन्ही बाबतींत हा संबंध त्या काळच्या समाजाला मानवणारा नव्हता. म्हणून दोघांनी बडोदे सोडले, आणि मुंबईमार्गे अखेर मिरजेस संसार थाटला. 1922 साली ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावे त्यांनी बदलली. थोरला मुलगा सुरेशबाबू माने झाला, आणि थोरली मुलगी हिराबाई हिने आईच्या माहेरच्या शहराचे नाव आडनाव म्हणून घेतले. बडोदेकर हे नाव पुढे हिंदुस्थानभर गाजले. वडिलांचे घराणे मुलांनी गळ्यात जपले आणि आईचे गाव नावात जपले, ही गोष्ट बडोद्याच्या इतिहासकारांनी जितक्या आस्थेने सांगावी तितकी अजून सांगितली गेलेली नाही.

हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफिली केल्या, आणि ज्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या स्त्रीने व्यासपीठावर बसणेही आक्षेपार्ह मानले जाई, त्या काळी आपल्या संयत वागण्याने आणि गाण्याने श्रोत्यांची नजर बदलली. 1929 च्या सुमारास सुरेशबाबूंच्या साथीने त्यांनी नाटक मंडळी काढली, आणि तीत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. 'सौभद्रा'तली सुभद्रा आता खरोखर स्त्री होती. मंडळी कर्जात बुडाली आणि काही वर्षांत बंद पडली, परंतु नायिकेचे गाणे स्त्रीच्या नैसर्गिक पट्टीत, तिच्या स्वतःच्या श्वासाच्या लांबीने आणि तिच्या लाजण्याच्या पद्धतीने कसे येते, हे प्रेक्षकांना कळून चुकले. धाकटी बहीण सरस्वतीबाई राणे लहानपणापासून या रंगभूमीवर वावरल्या, आणि पुढे हिराबाईंबरोबर दोन स्त्रियांची ख्यालाची जुगलबंदी त्यांनी रूढ केली.

याच सुमारास चित्रपट बोलू लागला होता. बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण यांचे शिक्षण घेतलेल्या दादासाहेब फाळक्यांचा चित्रपट मुका होता. 1931 पासून बोलपट आले, आणि पडद्यावर दिसणाऱ्या नटनटींनाच गावे लागू लागले. हे बंधन पार्श्वगायनाने सैल केले. पार्श्वगायन म्हणजे गाणे आधी दुसऱ्या गायकाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून नंतर त्यावर नटाने ओठ हलवणे; 1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव' या चित्रपटापासून त्याची सुरुवात मानली जाते. युगुलगीतासाठी ही सोय निर्णायक ठरली, कारण आता रूप एकाचे आणि गळा दुसऱ्याचा अशी निवड करता येऊ लागली, आणि पट्टीच्या दृष्टीने जुळणारे दोन आवाज शोधणे शक्य झाले. विजय भट्टांनी 1943 साली 'रामराज्य' काढला तेव्हा शंकरराव व्यास यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली, भीमपलासी रागात, वीणेच्या मधुर बोलांविषयीचे त्यातील गाजलेले गीत सरस्वतीबाई राणे यांनी गायिले. म्हणजे 'बैजू बावरा'च्या नऊ वर्षे आधी, त्याच दिग्दर्शकाच्या चित्रपटात, बडोद्याच्या ताराबाईंच्या मुलीचा आवाज लोकप्रिय झाला होता. शास्त्रीय रागदारी सामान्य प्रेक्षकाला रुचते, हा विश्वास भट्टांना मिळवून देणाऱ्या गोष्टींत या गीताची गणना करावी लागते.

'बैजू बावरा'तही मराठी संगीताचे धागे स्पष्ट दिसतात. दरबारातील स्पर्धेच्या प्रसंगी तानसेनासाठी अमीर खाँ आणि बैजूसाठी दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांनी देसी रागात जुगलबंदी गायिली. पलुस्करांचे वडील विष्णू दिगंबर हे 1896 साली मिरज सोडून देशाटनाला निघाले, तेव्हा औंध आणि साताऱ्यानंतर बडोद्यास आले होते, आणि महाराणी जमनाबाईंनी त्यांच्या गाण्याचा आदर केला होता. लता मंगेशकर या तर बळवंत संगीत मंडळीच्या मास्टर दीनानाथांच्या कन्या. नाट्यपदाचा शब्दोच्चार, स्वरावर शब्द ठेवण्याची पद्धत आणि भावनेचे नेमके वजन त्यांनी घरातच ऐकले होते. भाऊराव कोल्हटकरांपासून सुरू झालेली नायिकेच्या आवाजाची वाटचाल या तेवीस वर्षांच्या गायिकेपर्यंत आली होती.

आता गीत जवळून पाहावे. ते तालाने सुरू होत नाही. प्रथम रफींचा आवाज एकटाच, मोकळ्या लयीत, यमुनेच्या तीरावर एकटी जाऊ नको असे राधेला सांगणारी ठुमरीवजा उठावणी घेतो. ही उठावणी म्हणजे जुन्या गायकीतला पुरुष गवई, जो राधेविषयी गातो पण ज्याला राधा उत्तर देत नाही. त्यानंतर ताल येतो आणि मुखडा, म्हणजे गीताची वारंवार परतून येणारी ओळ, सुरू होते. तीत दोन नद्यांच्या रूपकातून मीलनाची ग्वाही दिलेली आहे. मग अंतरे येतात, आणि त्यांत लताबाईंचा आवाज स्वतःचे म्हणणे मांडतो. मुखड्याची सुरावट दोघांची एकच असली, तरी अंतऱ्यांत प्रत्येक जण आपला आग्रह आणि आपली भीती घेऊन येतो, आणि नाविकांचा समूहस्वर मधूनमधून त्या ग्वाहीला दुजोरा देतो. हा समूहस्वर संवादाला साक्षीदार पुरवतो. लग्नात अक्षता टाकणाऱ्या मंडळींचे जे काम, तेच येथे कोरसचे.

पट्टीचा प्रश्न नौशाद यांनी गायकांच्या निवडीनेच सोडवला. रफींचा आवाज वरच्या सप्तकात न ताणता फिरत असे, त्यामुळे चाल स्त्रीला सोयीच्या उंचीवर बांधूनही पुरुषाच्या गळ्यात ती किंचाळत नाही, उलट उंचीमुळे तिच्यात विनवणी येते. लताबाईंना त्याच उंचीवर आवाज पातळ आणि सरळ ठेवता येतो, म्हणून त्यांच्या ओळींत धीर ऐकू येतो. प्रियकर आर्जव करतो आणि प्रेयसी शांत असते, हा भाव शब्दांत फारसा नाही. तो दोन गळ्यांच्या वेगळेपणातून निर्माण होतो. त्या काळी गायक आणि वाद्यवृंद एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत, चूक झाली तर सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे, आणि दोन्ही गायक एकमेकांच्या श्वासाचा अंदाज घेत उभे असत. नंतरच्या काळात दोन गायकांचे आवाज निरनिराळ्या दिवशी ध्वनिमुद्रित करून जोडण्याची सोय झाली. त्या सोयीतून चांगली गीतेही निघाली, परंतु एका आवाजाने दुसऱ्याला ऐकून बदलण्याची ही क्रिया त्यांत राहिली नाही.

रागाची निवडही विचारपूर्वक केलेली आहे. भैरवी या रागात ऋषभ, गांधार, धैवत आणि निषाद हे चारही स्वर कोमल असतात. शास्त्राने तो सकाळचा राग मानला असला तरी मैफिलीची अखेर भैरवीने करण्याची प्रथा दृढ आहे, आणि त्यामुळे भैरवी ऐकताच श्रोत्याला निरोपाची जाणीव होते. प्रेमाच्या ऐन बहराचे गीत या रागात बांधल्यामुळे आनंदाच्या क्षणीच त्याच्या शेवटाची चाहूल लागते, आणि चित्रपटाच्या अखेरीस दोघे बुडतात तेव्हा तो शेवट प्रेक्षकाला परका वाटत नाही. भैरवीच्या या वापराला ठुमरी आणि दादरा या उपशास्त्रीय प्रकारांची, म्हणजे शब्दाच्या भावाला रागनियमांपेक्षा अधिक मोकळीक देणाऱ्या गायनप्रकारांची, भक्कम पार्श्वभूमी होती. अब्दुल करीम खाँ यांची भैरवीतील 'जमुना के तीर' ही ठुमरी 1930 च्या दशकात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि घरोघरी पोहोचली; ज्या प्रेमामुळे त्यांना बडोदे सोडावे लागले त्याचा पट ठाऊक असलेल्या श्रोत्याला तिच्यातली आर्तता अधिक भिडते. नौशाद यांच्या गीताची तालविरहित उठावणी याच यमुनातीरावर उभी आहे.

बडोद्याच्या दुसऱ्या खाँसाहेबांचीही भैरवी तितकीच प्रसिद्ध होती. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून बडोदे दरबारचे गवई होते. 'आफताब-ए-मौसिकी', म्हणजे संगीताचा सूर्य, ही पदवी त्यांना मिळाली होती, आणि आपल्या बंदिशींवर ते 'प्रेमपिया' ही मुद्रा घालत. धीरगंभीर आलापीनंतर मैफिलीच्या शेवटी ते दादरा गाऊ लागले की शब्दाशब्दाला निराळा अर्थ देत, रुसवा आणि मनधरणी ही दोन्ही पात्रे एकाच गळ्यातून उभी करत. एकट्या गायकाने केलेल्या प्रेमसंवादाचा तो परमोत्कर्ष होता. फैयाज खाँ 5 नोव्हेंबर 1950 रोजी बडोद्यात वारले; बडोदे संस्थान 1949 साली मुंबई प्रांतात विलीन झालेलेच होते, आणि कलावंतांना पोसणारी राजाश्रयाची व्यवस्था संपत आली होती. दोन वर्षांनी 'बैजू बावरा' आला. दरबारी गवयाची गाथा सांगणारा चित्रपट दरबार मावळल्यावर लगेच यावा, आणि दरबारात जपलेले संगीत त्याने तिकीटबारीवरच्या सामान्य माणसाच्या हाती सोपवावे, यात काळाची संगती आहे. चित्रपटसंगीताने रागदारी पातळ केली असा आक्षेप त्या काळी विद्वानांनी वारंवार घेतला, आणि पुष्कळ गीतांच्या बाबतीत तो योग्यही आहे. या गीताच्या बाबतीत मात्र तो टिकत नाही, कारण येथे भैरवीला असे काही करायला मिळाले जे तिला मैफिलीत करता आले नव्हते: प्रश्न एका गळ्याने विचारला आणि उत्तर दुसऱ्याने दिले.

म्हणून या युगुलगीताच्या टिकाऊपणाचे श्रेय देताना केवळ मुंबईच्या स्टुडिओपाशी थांबणे अपुरे ठरते. नौशाद आणि शकील हे दोघे उत्तर प्रदेशातले, रफी पंजाबचे, आणि त्यांची कामगिरी स्वयंसिद्ध आहे. परंतु नायिकेने स्वतःच्या आवाजात गावे आणि नायकाच्या बरोबरीने गावे, ही अपेक्षा ज्या रंगभूमीने आणि ज्या घरांनी प्रेक्षकांच्या मनात रुजवली, त्यांच्यातला एक ठळक प्रवाह बडोद्यातून वाहतो. शकुंतला गाणारा भाऊराव, गवयासाठी घर सोडणाऱ्या ताराबाई, त्यांच्या गावाच्या नावाने गाणारी हिराबाई आणि पडद्यामागून गाणाऱ्या सरस्वतीबाई, ही परंपरा लागोपाठच्या सत्तर वर्षांतली आहे, आणि तिच्याशिवाय गौरीचे गाणे प्रेक्षकांना इतके स्वाभाविक वाटले नसते.

मौलाबक्षांची गायनशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला आणि नाट्य-संगीत शिक्षणाच्या परंपरेत सामावली असून, सूरसागर तलावासमोर तिचे वर्ग अजून भरतात. फैयाज खाँसाहेबांची कबरही याच शहरात आहे. वडोदऱ्यातील मराठी घरांनी, आणि विशेषतः संगीत शिकणाऱ्या तरुणांनी, एकदा अब्दुल करीम खाँ यांची भैरवीतील ठुमरी, मग फैयाज खाँ यांचा भैरवीतील दादरा, मग सरस्वतीबाईंचे 'रामराज्या'तले गीत आणि शेवटी रफी-लतांचे हे युगुलगीत, अशा क्रमाने ऐकावे. त्या चारही ध्वनिमुद्रिका आज सहज उपलब्ध आहेत, आणि आपल्या शहराचा हा इतिहास वाचण्याइतकाच ऐकण्याचाही आहे.